आयत्या वेळचे विषय

‘ग्रामसभेला बायका येतच नाहीत हो,’ ही तक्रार मी गेली वीसेक वर्षं ऐकते आहे. सरपंच करतात, ग्रामसेवक करतात, तालुक्याहून आलेले विस्तार अधिकारी करतात, आणि ज्यांनी स्वतःच्या घरातल्या बाईला कधी ‘चल, आज सभा आहे’ असं म्हटलेलं नाही, ते तर सगळ्यात मोठ्यानं करतात. या तक्रारीला माझा एक साधा प्रतिप्रश्न असतो. सभा किती वाजता होती?

उत्तर बहुतेक ठिकाणी ठरलेलंच असतं. सकाळी दहा, नाहीतर अकरा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ठरून गेलेल्या तारखा. सकाळी झेंडावंदन होतं, पोरांना खाऊ वाटला जातो आणि त्याच मांडवात ‘चला, आता सभा उरकून घेऊ’ म्हणून सुरुवात होते. ‘उरकून’ हा शब्द माझा नाही, बोलणाऱ्यांचाच आहे. त्या वेळी गावातली निम्मी बाई रोजानं दुसऱ्याच्या रानात असते. सुट्टी सरकारला असते, खुरपणीला नसते. उरलेल्या घरी चुलीपुढे असतात, कारण सभा संपली की माणसं जेवायला घरीच येणार!

आता कुणी म्हणेल, बाई, जमाना बदलला. बदललाच आहे, मी कुठे नाही म्हणते? महाराष्ट्रानं १९९० मध्येच स्थानिक संस्थांमध्ये बायकांसाठी तीस टक्के जागा राखून ठेवल्या. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा आल्या. २०११ मध्ये आपल्याकडे हे आरक्षण पन्नास टक्क्यांवर गेलं. त्याच्याही आधी, १९८९ च्या सुमाराला, आरक्षणाची वाट न पाहता शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं जळगावातल्या विटनेर, यवतमाळातल्या मेटीखेडा अशा गावांत बायकांची अख्खी पॅनेल उभी केली आणि निवडून आणली होती. म्हणजे बायकांना सभेचं वावडं आहे, असं काही नाही. पण खुर्चीवर बसलेल्या बाईची मोजदाद आपण नेमानं केली आणि समोर सतरंजीवर बसणाऱ्या बाईला मात्र विसरलो. ग्रामसभा तर तिची आहे. गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक बाई ग्रामसभेची सभासद असते. निवडून यायला नको, अर्ज भरायला नको, कुणाच्या पाया पडायला नको.

माझ्या माहेरच्या गावची एक हकीकत सांगते. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून जायचं-यायचं आहे. आणि खरं तर ते गाव दुसऱ्या कुठल्याही गावासारखंच आहे.

गावात नळाला पाणी सकाळी अकराला यायचं. एक दिवसाआड, तासभर. अकरा ही वेळ कुणी ठरवली? कुठल्याच सभेत नाही. वर्षानुवर्षं तशीच चालत आली होती. अकराला रोजगाराची बाई रानात असते. मग पाणी कोण भरणार? म्हातारी सासू, नाहीतर सातवी-आठवीतली पोर. पाण्याच्या दिवशी ती पोर शाळेत जात नाही. महिन्यातले पंधरा दिवस पाण्याचे, त्यातले रविवार-सुट्ट्या वजा केल्या तरी दहा-बारा दिवस शाळा बुडते. शाळेच्या हजेरीपटावर ‘गैरहजर’ अशी फुली पडते. ती फुली आणि पंचायतीचा पाण्याचा कॉक यांचा काही संबंध आहे, हे त्या पोरीच्या आईशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. पुष्कळ गावांत ही महिला सभा वहीवर होते. शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरतो, ‘वहिनी, इथं एक सही करा’ म्हणतो, वहिनी पिठाचा हात पदराला पुसून सही करते, झाली सभा. आमच्या गावीही बरीच वर्षं असंच चाललं होतं. पण गेल्या ३० एप्रिलला बचत गटातल्या पाच-सहा जणींनी ठरवलं, की सही करायची ती सभेत बसूनच. त्यांनी सभेची वेळ मागितली रात्री आठची. भाऊसाहेब आधी नाहीच म्हणाले. (ग्रामसेवकाला गावाकडे भाऊसाहेब म्हणतात. सरकारनं आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी असं भारदस्त नाव दिलं आहे, पण तोंडात जुनंच बसलेलं.) रात्री कार्यालय उघडायचं कुणी, कुलूप लावायचं कुणी? शेवटी मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर सभा झाली. साठेक बायका जमल्या. कांदाकाढणीहून आलेल्या, अंगाला अजून कांद्याचा वास. मी पाहुणी म्हणून कडेला बसले होते.

पहिला अर्धा तास नुसता गोंधळ. कुणाच्या दारातल्या गटारीचं, कुणाच्या रेशनकार्डाचं. मग एक मधल्या वयाची बाई उठून म्हणाली, ‘पाण्याचा टाइम बदला. सकाळी सहाला सोडा.’ आणि एकदम शांतता. प्रत्येकीच्या मनातलं होतं ते. तेवढाच एक ठराव झाला. लिहून घेतला, वाचून दाखवला, सूचक-अनुमोदक म्हणून दोघींची नावं घातली.

दुसऱ्या दिवशी १ मेची ग्रामसभा. विषयपत्रिकेवर नऊ विषय. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, घरकुलाचे लाभार्थी, तंटामुक्ती समिती वगैरे वगैरे; आणि सगळ्यात शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. बायकांचा ठराव कुठे? तर त्या शेवटच्या ओळीत. आयत्या वेळचा विषय! दहा वर्षं पोरींच्या शाळा बुडवणारी गोष्ट आयत्या वेळी उगवलेली.

मला या शब्दाची गंमत वाटते आणि चीडही येते. पाहुणा आयत्या वेळी येतो, तसे बायकांचे प्रश्न सभेत आयत्या वेळी येतात. तोवर दीड वाजलेला असतो. घरकुलाच्या यादीवरून दोन पुढाऱ्यांची जुंपून झालेली असते, निम्मी माणसं चहा-तंबाखूला उठून गेलेली असतात आणि अध्यक्षांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे.

या वेळी मात्र विषय निघाला, कारण पंचवीस-तीस बायका उठून गेल्या नव्हत्या. ‘आमचा ठराव वाचा की, भाऊसाहेब,’ असं मागून दोनदा आलं. वाचला. आणि लगेच पाणीपुरवठ्याचा कर्मचारी उभा राहिला. म्हणाला, ‘ताई, सहाला पाणी सोडू कुठनं? विहिरीवरची मोटर शेतीच्या लाइनवर. थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाच्या पाळीला लाइट यायच्या आधी मोटर चालू होत नाही.’

खोटं बोलत नव्हता तो. मला वाटतं, बायकांच्या प्रश्नांवर लिहिताना आपण इथे फार वेळा थांबतो. ‘बघा, पुरुषी व्यवस्था ऐकून घेत नाही,’ असं म्हणून मोकळं होतो. इथे व्यवस्था ऐकत होती, तिच्याकडे उत्तर होतं, आणि ते उत्तर खरंही होतं. पण तरीही ते पुरेसं नव्हतं. कारण तीच मधल्या वयाची बाई म्हणाली, ‘मग लाइट असंल तवा टाकी भरून ठेवा आन् सकाळी सोडा. टाकी कशाला बांधलीय?’

आणि मग बाहेर पडलं, की टाकी गळते. भरून ठेवली तर सकाळपर्यंत निम्मी रिकामी होते. म्हणून मोटर चालू असतानाच थेट पाणी सोडायचं, ही सोय. किती वर्षं गळते? ‘पाच-सहा वर्षं झाली असतील.’ दुरुस्ती का नाही? निधी नाही. निधी नाही? आता जमाखर्चाच्या विषयाकडे परत जाणं भाग होतं. तो तर तासाभरापूर्वी ‘सर्वानुमते मंजूर’ झालेला! पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात २०२१-२२ पासून साठ टक्के रक्कम ही पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्याशीच बांधलेली होती. त्या पैशाचं काय झालं, असं एका कॉलेजात जाणाऱ्या पोरीनं विचारलं. पाइपलाइन, गटार, हातपाय धुण्याच्या टाक्या, असं काही काही वाचून दाखवण्यात आलं. चोरी होती असं मी म्हणत नाही. कागद पाहिल्याशिवाय म्हणू नये. पण हा पैसा कशावर खर्चायचा, हे ठरवताना टाकीचं नाव कुणी घेतलं नव्हतं, कारण टाकी गळण्याचा त्रास ठरवणाऱ्यांपैकी कुणालाच होत नव्हता. त्यांच्या घरी बोअर आहेत.

पाण्याच्या वेळेसारखा बारीक प्रश्न घेऊन बायका आल्या आणि जमाखर्चापर्यंत पोचल्या. अधिकार, सबलीकरण हे शब्द त्या सभेत एकदाही कुणी उच्चारले नाहीत.

महिला-बालकल्याणाचा दहा टक्के निधी ही अशीच दुसरी गोष्ट. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा बायका-मुलांसाठी खर्चायचा असतो. तुमच्या गावात तो कशावर खर्च झाला, माहीत आहे? मी चार-पाच गावांत सहज विचारलं. बहुतेक ठिकाणी अंगणवाडीला खुर्च्या, कपाट, सतरंज्या. एका ठिकाणी शिवणकामाचं प्रशिक्षण, आणि तेही गावात पाच जणींकडे शिलाई मशिनं धूळ खात असताना. अंगणवाडीला कपाट नको असं कोण म्हणेल? पण हे ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारून घेतलं का, एवढंच. एका गावच्या महिला सदस्येनं मला शांतपणे सांगितलं, ‘आम्हाला बिल आल्यावर कळतं.’ पंचायतीची मासिक सभा असते त्या दिवशी तिचे यजमान तिला गाडीवरून कार्यालयात सोडतात, आत शेजारी बसतात आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवतात.

ठराव हा नुसता कागद असतो असं म्हणणारेही भेटतात. त्यांना मी हेरवाडचं उदाहरण देते. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातलं हे गाव. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. कोरोनानं घराघरांतले कर्ते पुरुष नेले होते आणि ऐन तिशीतल्या मुलींच्या हातातल्या बांगड्या फुटताना गावांनी पाहिल्या होत्या. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे त्या काळात ही प्रथा बंद व्हावी म्हणून प्रयत्न करत होते. हेरवाडनं पहिलं पाऊल टाकलं. ठरावाच्या सूचक आणि अनुमोदक दोघी बायकाच होत्या. पुढच्या तेरा दिवसांत, १७ मेला, राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. एका खेड्यातल्या प्रोसिडिंग बुकातलं एक पान मंत्रालयापर्यंत गेलं.

मग गावोगाव ठरावांची लाट आली. माझ्या माहेरच्या गावीही झाला. कसा झाला? आयत्या वेळी. ‘वरून परिपत्रक आलेलं आहे, सर्वांची संमती आहे ना? आहे. सर्वानुमते मंजूर.’ टाळ्या. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्या सभेत बायका होत्या किती? वहीत असतील भरपूर.

चारेक महिन्यांनी गावात एक ट्रॅक्टर उलटला आणि बत्तीस वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या. फोडणाऱ्या बायकाच होत्या, हे कुणी सांगायला नको. ठराव झालेला आहे, हे त्या ओसरीवर जमलेल्या पन्नास बायकांपैकी फार तर दोघी-तिघींना ठाऊक असेल. अंगणवाडीच्या सेविकेला ठाऊक होतं. तिनं नंतर मला सांगितलं, ‘मी बोलणार होते. पण माझ्यामागं कोण उभं राहिलं असतं, ताई? ठराव कुणी केला, आम्ही केला होता का?’

हे तिचं बोलणं मला अजून सोडवत नाही. ग्रामसभेच्या ठरावाला अशा बाबतीत शिक्षेचं बळ नाही. बांगड्या फोडल्या म्हणून पंचायत कुणाला दंड करू शकत नाही. त्याचं बळ एवढंच, की रडारडीच्या त्या घटकेला एखादी म्हातारी पुढे होऊन म्हणू शकते, ‘थांबा गं, आपलं ठरलंय ना?’ पण ‘आपलं’ ठरायला आपण तिथे असावं लागतं. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे आले की ग्रामसभेची गणपूर्ती होते. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. तीन हजार मतदारांच्या गावाचा निर्णय अशा रीतीनं पंधरा माणसं घेतात, आणि ते कायद्याला धरून असतं.

याच्या उलट टोकाला दारूबंदीचं मतदान. बाटली आडवी करायची असेल तर, २००८ च्या आदेशाप्रमाणे, आधी पंचवीस टक्के बायकांनी सह्यांनिशी मागणी करायची. मग गुप्त मतदान, आणि त्यात गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, एकूण! म्हणजे जी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, जी ऊसतोडीला गेलेली, जी नुकतीच वारली पण यादीतून नाव निघालेलं नाही, ती सगळी मतं उभ्या बाटलीच्या पारड्यात. बाटली मांडायला एक परवाना पुरतो आणि आडवी करायला निम्मं गाव लागतं. तरीही महाराष्ट्रात बायकांनी अशी मतदानं जिंकली आहेत. रात्री-अपरात्री वस्तीवस्तीवर जाऊन, नावं मोजून, सासुरवाशिणींना माहेराहून बोलावून घेऊन जिंकली आहेत.

बायका येत नाहीत म्हणणाऱ्यांनी ही मतदानं आठवावीत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावातली रीतही पाहावी. तिथे ग्रामसभेला घरटी एक बाई आणि एक पुरुष यायचाच, आणि निर्णय बहुमतानं न करता सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं. वेळ लागतो. लागू द्या की. त्या गावानं २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला तो असाच, बसून बोलून.

शहरातल्या वाचक म्हणतील, आमच्याकडे कुठली आली ग्रामसभा? खरं आहे, तुमच्याकडे वॉर्डातला नगरसेवक आणि त्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स. पण नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा नागरिकांना पाहायला खुली असते, हे तरी किती जणींना ठाऊक आहे? एकदा जाऊन बसा. आपल्या कचऱ्याच्या ठेक्याला किती मिनिटं मिळतात, तेवढं घड्याळावर मोजा.

आता आमच्या टाकीचं पुढे काय झालं ते सांगते. १ मेच्या सभेत शेवटी असं ठरलं, की टाकीची दुरुस्ती चालू वर्षाच्या आराखड्यात घ्यायची, आणि तोवर ज्या आठवड्यात रात्रीची लाइट असेल, त्या आठवड्यात तरी पाणी सकाळी सहाला सोडायचं. सगळ्यांसमोर ठरलं. बायका खूश होऊन घरी गेल्या. मे महिन्यात एक आठवडा पाणी सहाला आलंही. मग परत अकरा.

जूनमध्ये त्या कॉलेजच्या पोरीनं माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून १ मेच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागितली. पानाला दोन रुपयांप्रमाणे अकरा पानांचे बावीस रुपये बचत गटानं भरले. प्रत मिळाली. नवव्या पानावर विषय आहे. ‘पाणी सोडण्याच्या वेळेबाबत व टाकी दुरुस्तीबाबत चर्चा झाली.’ चर्चा झाली, बस. ‘ठराव मंजूर’ हे शब्द नाहीत, आराखड्याचा उल्लेख नाही, सूचक-अनुमोदकांची नावं नाहीत.

भाऊसाहेब म्हणतात, लिहिताना राहून गेलं असेल. असेल. पण इतिवृत्त अजून कायम व्हायचं आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो विषय क्रमांक एक आहे, झेंडावंदनानंतर लगेच, सकाळी साडेनऊला. त्या दिवशीचा रोज बुडाला तरी चालेल, पण पहिल्या विषयाला हजर राहायचं, असं बचत गटात ठरलं आहे. नवव्या पानाच्या वीस झेरॉक्स काढून झाल्या आहेत.